गांजा, शुक्राणू आणि पाळणा

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

दोन महिन्यांपूर्वी अशोक चौकाकडचं एक जोडपं माझ्या दवाखान्यात आलं, मूल होत नाही म्हणून. लग्नाला चार वर्षं झालेली. तो टॉवेलच्या कारखान्यात, ती घरी शिलाई करते. फाईल उघडायच्या आत सासूबाईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "मॅडम, गांज्यानं परदेशात पोरं होईनात म्हणं. आमचा पण ओढतो." मुलगा मान खाली घालून बसला.

त्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ बसलीये, ती सोडवायला मी आज उभी आहे. प्रजननक्षमता म्हणजे मूल होऊ शकणं. प्रजनन दर म्हणजे प्रत्यक्षात एका बाईला सरासरी किती मुलं होतात ते. पहिली शरीराची गोष्ट, दुसरी घरादाराची, पगाराची, मनाची. बातम्यांत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

आधी शरीराचं बघू. डेन्मार्कमध्ये सैन्यभरतीच्या सक्तीच्या तपासणीला आलेल्या 1215 तरुणांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदापेक्षा जास्त वेळा गांजा ओढणाऱ्यांत शुक्राणूंचं प्रमाण 28 टक्क्यांनी कमी निघालं. झालं, सगळीकडे मथळे. मग 2019 मध्ये बोस्टनचा अभ्यास आला. तिथल्या वंध्यत्व केंद्रात आलेले 662 पुरुष. ज्यांनी आयुष्यात कधीतरी गांजा ओढला होता, त्यांच्यात एका मिलिलिटरमागे सरासरी 6 कोटी 27 लाख शुक्राणू. ज्यांनी कधीच ओढला नव्हता, त्यांच्यात 4 कोटी 54 लाख. नेमकं उलटं!

मग खरं कोण? मला विचाराल तर दोघेही प्रामाणिक आहेत. पण एकीकडे धडधाकट पोरं, दुसरीकडे मूल होत नाही म्हणून आलेले नवरे. एकीकडे नियमित ओढणारे, दुसरीकडे "कधीतरी ओढला होता" म्हणणारेही. त्यात तंबाखू असते, दुसरी नशा असते. कदाचित ज्यांच्यात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, जास्त, तेच असल्या वाटेला जास्त जातात. म्हणजे कारण गांजा नव्हेच. माणसांना चिठ्ठ्या टाकून "तू ओढ, तू ओढू नको" असं सांगून प्रयोग करता येत नाही, त्यामुळे ही शंका राहतेच. आपल्याकडे तर 1985 च्या कायद्यानं गांजा हा गुन्हा. माणूस डॉक्टरपुढेसुद्धा खरं बोलत नाही.

आता पाळण्याचं. दक्षिण कोरियात 2023 मध्ये प्रजनन दर 0.72 वर आला. एका बाईमागे एक मूलसुद्धा नाही. आणि तिथला गांजाचा कायदा फार कडक. उलट इस्राएलमध्ये गांजा ओढणारे बरेच, आणि दर 2.8 च्या पुढे, श्रीमंत देशांत सगळ्यात वर. कॅनडानं 2018 मध्ये गांजा खुला केला हे खरं, पण तिथल्या प्रजनन दराची उतरण त्याच्या कितीतरी आधीपासूनची. गांज्यानं पाळणे रिकामे झाले असते, तर हे आकडे असे आले असते का? कोरियातल्या मुलींना विचारा. घरांच्या किमती, शिकवण्यांचा खर्च, ऑफिसात रात्र होणं, आणि मूल झालं की बाईची नोकरी धोक्यात.

हे लांबचं वाटतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा दर 1.7 आहे. लोकसंख्या टिकायला साधारण 2.1 लागतो.

माझ्याकडे एक विडी कामगार आजी येतात. मांडीवर सूप, हातात तेंदूचं पान, दिवसाला हजार विड्या, असं आयुष्य गेलं. त्यांना सहा लेकरं, दोन गेली. मुलीला तीन. नातीला एक, ती बँकेत आहे. मी विचारलं, दुसरं का नको म्हणते? आजी म्हणाल्या, "सांभाळणार कोण? मी म्हातारी, तिची आई अजून विड्या वळती." कोरियावरचे जाडजूड अहवाल मी वाचलेत, पण दुखणं मला त्या वाक्यात जास्त कळलं. कारखान्याशेजारी, ऑफिसाशेजारी चांगलं पाळणाघर हवं, बापानं घरी थांबायला हवं, हे मी दरवेळी बोलते आणि बोलत राहीन.

म्हणून गांजा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. गरोदर बाईनं तो घेऊच नये. बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध दिसलाय. आणि मूल हवं असलेल्या पुरुषाला मी स्पष्ट सांगते, गांजा बंद, तंबाखू बंद.

त्या जोडप्याची फाईल मग मी उघडली. सुनेच्या रक्ताच्या चाचण्या, सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी. चार वर्षांचे कागद, सगळे तिच्या नावाचे. त्याच्या नावाचा एकही नाही. माझ्या पोटात कालवलं. थोडक्या खर्चात होणारी वीर्याची साधी तपासणी कुणी सांगितलीच नव्हती! त्याच दिवशी करून घेतली. प्रमाण कमी आहे, पण हताश व्हावं इतकं नाही. शुक्राणू तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात, म्हणून त्याला सगळं सोडून तीन महिन्यांनी यायला सांगितलंय. तो पुढच्या महिन्यात येईल. तिला म्हटलं, तोवर तुझी एकही चाचणी नाही.