गावातला युद्धस्मारकाचा दगड हलवावा का?

नमस्कार. कोल्हापूरच्या छत्रपती शिवाजी चौकात आज महाराजांचा जो पुतळा आहे, त्या जागी एके काळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत तो विद्रूप करण्यात आला आणि १९४५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने तिथे शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. या बदलाची कोल्हापूरकरांना कधी हळहळ वाटली नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. मग त्याच न्यायाने इंग्रजी अमदानीतली युद्धस्मारकेही रस्त्यावरून, चावडीवरून हटवावीत का, असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते हटवू नयेत. कारण विल्सनचा पुतळा राज्यकर्त्याच्या गौरवासाठी होता, आणि युद्धस्मारक मेलेल्या माणसांची नोंद असते.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने सैनिक पुरवणाऱ्या अनेक गावांत पाट्या बसवल्या. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या गावची पाटी प्रसिद्ध आहे. या पाट्यांवरचा मजकूर साधारण एकाच साच्याचा असतो: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. ‘ते तर साहेबासाठी लढले’ असा आक्षेप यावर घेतला जातो. तो खोटा नाही. पण पाटी त्या युद्धाला न्याय्य ठरवत नाही, गावातून कोण गेले आणि किती परतले नाहीत एवढेच सांगते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत येथे जी फौज वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्या आघाडीवर मेलेल्यांसाठी बसरा येथे जे स्मारक उभारले गेले, त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र केवळ संख्या. म्हणजे ज्याच्या अंगावर त्या शिपायाचा उल्लेख आहे असा जगातला दुसरा दगड कदाचित त्याच्या गावातलाच असेल, आणि तोही आपण उखडायचा!

स्मारकाचा अर्थ ते बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे. भीमा कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला. पण त्यावर महार सैनिकांची नावे होती, १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि आज तिथे लोटणारा जनसमुदाय कंपनीला मानवंदना द्यायला येत नाही.

आता आपल्या सर्वांत जुन्या युद्धस्मारकांकडे वळू, कारण खरी हेळसांड त्यांची होते. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड, आपल्याकडे गावोगाव आहेत. करवीर तालुक्यातील बीड हे गाव तर त्यांच्यासाठीच ओळखले जाते. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहील. मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की हे दगड पाराखाली किंवा गटाराच्या कडेला जातात, किंवा त्यांच्यावर ऑइल पेंटचे इतके थर चढतात की घोडा कोणता आणि ढाल कोणती, हे कळेनासे होते.

मग ते कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयात न्यावेत का? दगड फुटण्याच्या किंवा चोरीला जाण्याच्या बेतात असेल तर अवश्य न्यावा. एरवी मात्र नेऊ नये, कारण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. कोणत्या वेशीजवळ, कोणत्या देवळापुढे तो उभा आहे, एवढाच त्याचा पत्ता. जागा सुटली की तो वीर कोणत्या गावचा, हेही सुटते.

कायद्याचा आधार मर्यादित आहे. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा पुरातत्त्व कायदा संरक्षण देतो ते प्रामुख्याने अधिसूचित स्मारकांना. पारावरचा वीरगळ किंवा चावडीतली पाटी त्या यादीत सहसा नसते, त्यामुळे भार ग्रामपंचायतीवरच येतो. तिने दगड जमिनीपासून उचलून चौथऱ्यावर घ्यावा, फोटोसह नोंद दप्तरी ठेवावी आणि शेजारी मराठी फलक लावावा. महायुद्धाच्या पाटीशेजारी नावेही द्यावीत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन नोंदींत पुष्कळदा शिपायाच्या वडिलांचे नाव आणि गाव मिळते. फक्त स्वच्छतेच्या उत्साहात पाटीवर ॲसिड ओतू नये. संगमरवर आम्लात विरघळतो, आणि कोरलेली अक्षरे बोथट होत जातात. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.