चंद्रनाथ पर्वताचा घाम

श्रोतेहो, नमस्कार. मडगावाहून केप्याकडे जाताना पारोड्यापाशी जो डोंगर दिसतो, त्याला आसपासची माणसे नुसता ‘पर्वत’ म्हणतात. त्याची उंची जेमतेम साडेतीनशे मीटर आहे आणि आपल्या गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यातला सोसोगड त्याच्या तिपटीहून उंच आहे; तरीही ‘पर्वतावर जाऊन आलो’ म्हटल्यावर कोणता पर्वत, असे इकडे कोणी विचारीत नाही. माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देवालय आहे. आज मला बोलायचे आहे ते त्या देवालयाखालच्या दगडाविषयी.

हा दगड ग्रॅनाइट आहे, आणि भूशास्त्रज्ञांनी त्याला या पर्वताचेच नाव दिले आहे. पृथ्वीच्या पोटात खोलवर वितळलेला खडकरस फार सावकाश थिजला, म्हणून गारगोटी, फेल्डस्पार आणि अभ्रक यांचे दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतके वाढले आणि एकमेकांत घट्ट गुंतले. त्याचे वय २५० कोटी वर्षांहून अधिक आहे. शाळेत ज्याचे एवढे कौतुक शिकवतात तो दख्खनचा काळा कातळ त्याच्यापुढे साडेसहा कोटी वर्षांचे पोर आहे. पर्वताभोवतालचे त्या मानाने मऊ खडक पावसाने झिजले, हा घट्ट दगड मात्र मागे उरला. घट्ट दगड, हे शब्द कृपया ध्यानात ठेवावेत.

पौर्णिमेचे चांदणे गाभाऱ्यातल्या लिंगावर पडले की त्याला पाझर फुटतो, अशी पूर्वापार श्रद्धा आहे. ती श्रद्धेची गोष्ट तिच्या जागी राहू दे. माझी गोष्ट देवळाबाहेरच्या कातळाची आहे. मी कॉलेजात भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होतो आणि वैशाखी पौर्णिमेला आजीला घेऊन पर्वतावर गेलो होतो. पाऊस अजून पडला नव्हता. पण समुद्राकडून दमट वारा सुटला होता आणि सदरा अंगाला चिकटत होता. दर्शन झाल्यावर आजी एका मोठ्या धोंड्याच्या कपारीपाशी टेकली. तिथे दिवसा ऊन पोहोचत नसावे. तिने सहज दगडाला हात लावला, तर तळवा ओला झाला. मी बॅटरी लावून पाहिले. त्या करड्या दगडावर मोहरीएवढे थेंब दाटीने उभे होते आणि त्यांच्याखाली अभ्रकाचे कण लुकलुकत होते.

नव्या विद्येचा मला फार ताठा होता. दगडाला भेगा असतात, माथ्यावरचे पाणी त्यांतून झिरपते, असे एक लांबलचक प्रवचन मी आजीला दिले. तिने ते निमूटपणे ऐकून घेतले, पदराने तो दगड स्वच्छ पुसला आणि म्हणाली, “बस आता.” आम्ही अर्धा तास बसलो. पुन्हा थेंब आले, आणि ते एखाद्या भेगेच्या रेषेवर नव्हे, तर पुसलेल्या सगळ्या जागेवर सारखे आले. मग आजीने विचारले, “फ्रिजातले पाणी तांब्यात ओतले की तांब्याला बाहेरून घाम येतो ना? तेव्हा तांब्या गळतो का रे?”

मी गप्प झालो. पण हार मानायची नाही म्हणून शेजारच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, गडग्यावर हात फिरवला. तो कोरडा होता. मी विजयी मुद्रेने म्हणालो, “हवा तीच, रात्र तीच, मग चिऱ्याला घाम का नाही?” आजी उठता उठता म्हणाली, “चिरा पाणी पितो. चार पावसाळे गिलाव्याविना राहिलेली आपल्या गोठ्याची भिंत कशी झाली ती बघितली नाहीस?”

तिचे उत्तर बरोबर होते. थंड दगडाला दमट वारा लागला की हवेतले पाणी त्यावर थेंब होऊन बसते. जांभ्याच्या अंगात असंख्य छिद्रे असतात, तो ते पिऊन टाकतो. ग्रॅनाइटचे दाणे घट्ट गुंतलेले असतात, तो पीत नाही. पुन्हा सांगतो: जांभा पितो, ग्रॅनाइट पीत नाही. पहिल्या पावसाआधी आपल्या घरच्या गुळगुळीत फरशीला घाम सुटतो, तो याच जातीचा.

आजीने निम्मा वेळ घेतला, तेव्हा इतिहास थोडक्यात सांगतो. पर्वताजवळ, कुशावतीच्या काठी, आज आपण ज्याला चांदर म्हणतो ते प्राचीन चंद्रपूर वसले होते. भोज या प्राचीन राजघराण्याची ती राजधानी. शिरोड्याला सापडलेल्या देवराज भोजाच्या ताम्रपटात तिचा उल्लेख येतो. पुढे कदंबांनीही तिथूनच राज्य केले आणि अकराव्या शतकात राजधानी गोपकपट्टणला, म्हणजे आजच्या गोवा वेल्ह्याला, नेली. चंद्रेश्वर हे भोजांचे आराध्य दैवत मानले जाते. इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी १९२९ मध्ये चांदरला उत्खनन केले. तिथला शिर तुटलेला दगडी नंदी पाहण्यासारखा आहे.

पारोड्याचा रस्ता मोठ्या पावसात पाण्याखाली जातो, म्हणून पर्वतावर जायचे तर मिरग लागण्याआधी जावे. देवदर्शन झाल्यावर सावलीतल्या एखाद्या कपारीत हात घालून पाहावा, आणि मग शेजारच्या चिऱ्यावर. नमस्कार.