हंगामाचा घोडा

पैदाशीसाठी गावोगाव फिरवल्या जाणाऱ्या घोड्यांच्या जाहिराती न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील एकोणिसाव्या शतकातल्या वर्तमानपत्रांत शेकड्यांनी सापडतात. सप्टेंबर उजाडला की ‘ओटॅगो विटनेस’, ‘साउथलंड टाइम्स’ यांसारख्या पत्रांचे रकाने अशा जाहिरातींनी भरू लागत. वर छापखान्याच्या ठशातला एक घोडा, त्याखाली ठळक अक्षरांत त्याचे नाव, आणि मग बारीक टायपात मजकूर: अस्सल क्लाइड्सडेल जातीचा हा ‘एंटायर’, म्हणजे खच्ची न केलेला घोडा, यंदाच्या हंगामात अमुक तालुक्यात फिरेल, दर घोडीमागे फी इतके पौंड, मोतद्दाराची दस्तुरी वेगळी.

दक्षिण गोलार्धात सप्टेंबर म्हणजे वसंताची सुरुवात. घोडीचे पोट अकरा महिन्यांचे असते, म्हणून या वसंतात घोड्याला दाखवलेली घोडी पुढच्या वसंतात, नेमक्या कोवळ्या गवताच्या दिवसांत विते. सगळा व्यवहार त्यामुळे तीन-साडेतीन महिन्यांत उरकावा लागे आणि जाहिरातही त्याच बेताने सुरू होई.

दक्षिण बेटावरील ओटॅगोची वसाहत १८४८ मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी वसवली. ज्या जमिनीवर ती वसली, ती नाय ताहू या माओरी लोकांकडून चार वर्षे आधी २,४०० पौंडांना घेतली गेली होती. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण तो पुढे पुन्हा लागणार आहे. टसक नावाच्या उंच, चिवट गवताच्या झुबक्यांनी भरलेली ती जमीन पहिल्यांदा फोडली ती बहुतांशी बैलांनी. मराठी शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे नांगराला बैल आणि स्वारीला घोडा ही वाटणी इतकी पक्की होती की औताला जुंपलेला घोडा डोळ्यांपुढे आणणेच अवघड जाते. ओटॅगोत मात्र जमीन एकदा मोडून झाली, रस्ते झाले आणि गहू-ओटची शेती वाढली, तसा बैल मागे पडला. चालीने बैल संथ, आणि मजुरी महाग असलेल्या मुलखात माणसाचा दिवस हीच सर्वांत किमती वस्तू होती.

एका फाळाच्या नांगराला दोन घोडे जुंपले तर दिवसाकाठी साधारण एक एकर नांगरून होई. नांगराचे तास नऊ इंच रुंदीचे धरले, तर एक एकरासाठी नांगरामागच्या माणसाला आणि घोड्यांना सुमारे अकरा मैल, म्हणजे सतरा-अठरा किलोमीटर चालावे लागते, आणि तेही ओल्या मातीत. ओटॅगोतल्या डनेडिन शहराच्या रीड अँड ग्रे यांच्यासारख्या कारखान्यांनी दोन फाळांचे नांगर बनवल्यावर एकाच माणसाच्या हातून जास्त जमीन होऊ लागली, पण त्याला तीन घोडे लागू लागले. अवजार जसे वाढत गेले, तसे घोड्याचे वजनही वाढावे अशी मागणी आली. हलक्या अंगाच्या घोडीच्या पोटी जड शिंगरू हवे असेल तर बाप जड हवा, आणि तसा बाप स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरात, क्लाइड नदीच्या खोऱ्यात होता.

क्लाइड्सडेल म्हणजे खांद्यापाशी साडेपाच फूट भरणारा, टनाच्या आसपास वजनाचा घोडा. तोंडावर रुंद पांढरा पट्टा, चारही पायांवर पांढरे मोजे, आणि गुडघ्याखालून खुरांवर उतरणारी रेशमी केसांची झालर. ही झालर चिखलात भरून येई, तिच्याखाली कातडी चिडे आणि मोतद्दाराचा निम्मा वेळ ती धुण्यात जाई. तरीही जाणकार तिच्यावर हात फिरवूनच घोडा जोखत, कारण केस मऊ असतील तर खालचे हाड चिवट असते असा त्यांचा विश्वास होता. असा घोडा शिडाच्या जहाजावर लाकडी खोक्यात उभा करून तीन महिन्यांच्या प्रवासाने आणला जाई. समुद्र खवळला की पोटाखाली पट्टे घालून त्याला सावरून धरावे लागे, आणि सगळेच घोडे बंदराला लागत असे नाही.

एवढा महाग घोडा साध्या शेतकऱ्याला परवडत नसे. तो एखाद्या मोठ्या मळ्याचा मालक, घोड्यांचा व्यापारी किंवा काही जणांची भागी असलेला गट घेई आणि फीच्या रूपाने वसूल करी. दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. आज तो फी कबूल करी, अकरा महिन्यांनी शिंगरू दिसे, आणि ते जुवाखाली यायला आणखी तीन वर्षे लागत. चार वर्षांनी ज्याचा गुण कळणार, अशी वस्तू तो कागदावरच्या शब्दावर घेत होता. म्हणूनच जाहिरातीतला सर्वांत लांब भाग वंशावळीचा असे: बाप कोण, आजा कोण, आईचा बाप कोण, कोणत्या प्रदर्शनात कोणाला पहिले बक्षीस मिळाले. कोल्हापूर-सांगलीकडे नंदी घेऊन दारी येणारे हेळवी घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे वाचून दाखवतात, त्याची आठवण हे मजकूर वाचताना होते. फरक इतकाच की इथे वंशावळ स्वतः चालत दारी येणाऱ्या जनावराची होती.

या वंशावळीत घोळ फार होता. नामांकित घोड्याचे नाव त्याच्या मुलाला आणि नातवाला ‘यंग’ जोडून देण्याची चाल होती, आणि ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही अशांनाही तेच नाव मिळे. स्कॉटलंडमध्ये १८७७ साली क्लाइड्सडेल हॉर्स सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिची पहिली वंशनोंदवही छापून निघाली. तेव्हापासून नावापुढे क्रमांक येऊ लागला: प्रिन्स ऑफ वेल्स ६७३, डार्नली २२२. या दोन घोड्यांचे रक्त एकत्र आणण्यावर पुढे सारी जात उभी राहिली. जाहिरातीत असा क्रमांक छापता आला की मालकाला विशेषणांची फार गरज उरत नसे, तरी ती तो घालीच.

फीनंतर येणाऱ्या अटी मला वंशावळीपेक्षाही बोलक्या वाटतात. गाभण राहण्याची हमी हवी असेल तर फी जास्त. चरायला ठेवलेल्या घोडीची ‘सर्व काळजी घेतली जाईल, जबाबदारी मात्र घेतली जाणार नाही’. आणि हंगामात घोडी विकली, बदलली किंवा तालुक्याबाहेर नेली, तर ती गाभण आहे असे धरून पुरी फी आकारली जाईल. ही शेवटची अट आपोआप सुचलेली नाही. फी बुडवणारे कोणत्या वाटेने निसटत, हे ती अट वाचूनच कळते.

मग घोडा निघे. मोतद्दार कधी पायी, कधी दुसऱ्या घोड्यावर बसून त्याला धरून नेई. सोमवारी एका गावाची खानावळ, मंगळवारी पुढच्या गावाचा लोहार, असा आठवड्याचा ठरलेला फेरा ओटॅगोतल्या टायेरीच्या मैदानात किंवा आणखी दक्षिणेकडच्या इन्व्हरकार्गिल शहराच्या आसपास चाले. फेरा साप्ताहिक असण्यामागे व्यवहारज्ञान होते. घोडी साधारण दर तीन आठवड्यांनी माजावर येते आणि पाच-सात दिवस त्या स्थितीत राहते, त्यामुळे दर आठवड्याला फाटकाशी येणाऱ्या घोड्याकडून ती सहसा सुटत नसे. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर तिने घोड्याला झिडकारले, तर ती फळली असे मानत.

हा वसंत म्हणजे पेरणीचाही काळ. घोडी बहुतेक वेळा कुळवाला जुंपलेलीच असे. मोतद्दाराची हाक आली की साखळ्या सोडून, गळ्यातला जाड चामडी पट्टा तसाच ठेवून तिला बांधावर आणत. मध्ये भक्कम फळ्यांचे फाटक. पलीकडे आयाळीत रंगीत फिती विणलेला, खरारा करून चकचकीत केलेला घोडा. तो मान लांब करून तिला हुंगे. कान मागे पाडून, किंचाळून तिने लाथ झाडली तर ती फळीवर आपटे. तिने शेपूट बाजूला घेतली तर फाटक उघडे. सगळे काही मिनिटांचे काम. मोतद्दार वहीत नोंद करी, आणि घोडी उरलेले वावर संपवायला परत जाई.

त्या फाटकाची गरज किती खरी होती, हे स्कॉटलंडमधल्या बॅरन ऑफ बुक्लायव्ही या घोड्यावरून कळते. त्याच्या भागीदारांचा मालकीचा तंटा थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला, आणि १९११ मध्ये एअर गावी झालेल्या लिलावात तो ९,५०० पौंडांना गेला. ओटॅगोच्या जमिनीला दिलेल्या किमतीच्या जवळजवळ चौपट रक्कम एका घोड्याला! १९१४ मध्ये एका घोडीच्या लाथेने त्याचा पाय मोडला आणि त्याला मारावे लागले. त्याचा सांगाडा ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात उभा आहे.

१९११ हेच वर्ष या धंद्याच्या भरतीचे. त्या एका वर्षात १,६१७ क्लाइड्सडेल वळू घोडे ब्रिटनबाहेर पाठवले गेले, आणि न्यूझीलंडमध्ये सर्व प्रकारचे मिळून ४ लाखांहून अधिक घोडे होते. त्याच सुमारास सरकारेही या व्यवहारात लक्ष घालू लागली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी पशुवैद्य वळू घोड्यांची तपासणी करून दाखले देऊ लागले. खुराच्या वरच्या कडेची लवचीक कुर्ची हाडासारखी कडक झाली आहे का, धावताना घशातून शिट्टीसारखा आवाज येतो का, हे पाहिले जाई, कारण असे दोष पुढच्या पिढीत उतरतात अशी समजूत होती. कितीही लांब वंशावळ असली तरी असा घोडा नापास होई, आणि मालकांना ते रुचत नसे हे सांगायला नको.

पुढे ट्रॅक्टर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तर नांगराचे घोडे झपाट्याने गेले. १९७५ मध्ये ब्रिटनमधील दुर्मीळ जातींचे जतन करणाऱ्या संस्थेने क्लाइड्सडेलची नोंद धोक्यातील जातींत केली.

न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रे संगणकावर आणली आहेत. त्यात एका अंकाचे पान मोठे करून पाहिले, तर एका रकान्यात एकाखाली एक घोड्यांच्या जाहिराती दिसतात: नावे वेगळी, रंग वेगळे, फी वेगळी. वरचे चित्र मात्र तेच, एकाच ठशाचे, पाय उचललेल्या सडपातळ घोड्याचे. त्याच्या पायांना झालरही नाही.