दीड मिलिमीटर : घरच्या वर्कशॉपमधलं सीएनसी प्लाझ्मा टेबल

(दृश्य : काळा पत्रा. वर टॉर्चचं टोक. ठिणगी पडते आणि निळसर-पांढरा झोत पत्र्याच्या आरपार जातो.)

सीएनसी प्लाझ्मा टेबल म्हणजे कॉम्प्युटरने दिलेल्या आकड्यांप्रमाणे टॉर्च फिरवून पत्रा कापणारं टेबल. या झोताचं तापमान २०,००० अंश सेल्सियसच्या घरात असतं. हवा इतकी तापते की तिच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तीच हवा वीज वाहून न्यायला लागते. हाच प्लाझ्मा. टॉर्चच्या, म्हणजे झोत सोडणाऱ्या नळीच्या, आत तांब्याचा इलेक्ट्रोड, त्याच्या टोकात हाफ्नियम धातूचा बारीक ठिपका, आणि समोर छोट्या भोकाचं नोझल. इलेक्ट्रोडपासून पत्र्यापर्यंत जाणारा विजेचा झोत म्हणजे आर्क. त्या भोकातून जाताना तो आवळला जातो. पत्रा वितळतो आणि हवेच्या जोराने वितळलेलं लोखंड खाली उडतं.

आर्कला असं आवळण्याचं पेटंट अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट गेज यांना १९५७ मध्ये मिळालं. आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन (फिरत्या पात्याने धातू कोरणारं) अमेरिकेतल्याच एमआयटी विद्यापीठाने त्याआधी, १९५२ मध्येच, चालवून दाखवलं होतं. कारखान्यांतून या दोन गोष्टी केव्हाच एकत्र आल्या. आता त्या घरच्या वर्कशॉपमध्येही येतात.

मग आपण स्वतः बनवतो ते काय? कटर, म्हणजे टॉर्चला वीज आणि हवा पुरवणारं यंत्र, विकतचा. मोटरी आणि त्यांना हुकूम देणारा कंट्रोलर विकतचे. सॉफ्टवेअर तर फुकट मिळणारंही उत्तम आहे. आपल्या हातांनी बनतं ते टॉर्च आणि पत्रा यांच्यातलं अंतर. साधारण दीड मिलिमीटर. ते अंतर आणि टॉर्चचा वेग, या दोन गोष्टी जो सांभाळेल त्याचा काप सरळ येईल. टेबलाचा प्रत्येक भाग याच कामासाठी आहे.

(दृश्य : चौकोनी पाइपांची चौकट जमिनीवर मांडलेली. टेप कोपऱ्यातून कोपऱ्यात.)

सुरुवात चौकटीपासून. चौकोनी पाइप कापले, जागेवर लावले, की लगेच पूर्ण वेल्ड मारायचा मोह होतो. तो आवरा. वेल्ड थंड होताना आकसतो आणि चौकट सोबत ओढून नेतो. आधी चारही कोपऱ्यांना टॅक, म्हणजे ठिपक्याएवढा तात्पुरता वेल्ड, मग कर्ण मोजायचे. १२०० बाय ९०० ची चौकट असेल, तर दोन्ही कर्ण १५०० भरले पाहिजेत. गुण्या कोपऱ्यापुरतं सांगतो, कर्ण अख्ख्या चौकटीचं सांगतो. पूर्ण वेल्डही समोरासमोरच्या कोपऱ्यांत, थोडा थोडा.

पत्र्याखाली धूळ-धूर गिळायला पाण्याची टाकी असते. तिचं वजन आधीच हिशोबात धरा. एक मीटर बाय एक मीटरच्या टाकीत १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो, वर पत्रा वेगळा. हा भार पायांवर थेट उतरला पाहिजे. टॉर्च ज्यावरून सरकते ती रेल ज्या पाइपावर बसवली आहे, त्यावर तो आला की टाकी भरताना रेल वाकते. रिकाम्या टेबलावर केलेलं लेव्हलिंग मग फुकट जातं.

पत्रा ठेवायच्या उभ्या पट्ट्यांकडे फार हळव्या मनाने बघू नका. झोत त्यांनाही कापतो. खाच पाडून नुसत्या अडकवलेल्या असल्या की खराब झालेली काढून दुसरी टाकायला क्षण पुरतो. त्या वेल्ड करून टाकणं मला कधीच पटलेलं नाही.

(दृश्य : गॅन्ट्री हाताने पुढे-मागे सरकते. दोन्ही बाजूंना मोटर.)

पत्र्यावरून आडवा सरकणारा हा पूल म्हणजे गॅन्ट्री. टॉर्च पत्र्याला टेकत नाही, त्यामुळे मिलिंगसारखा कापण्याचा दाब इथे येत नाही आणि गॅन्ट्री हलकी चालते. हलकीच हवी. लांब बाजूला मात्र दोन मोटरी लावा, प्रत्येक टोकाला एक. एका बाजूने ओढलेला रुंद ड्रॉवर तिरका होऊन अडतो, तसंच इथे होतं.

मोटर किती बारीक पाऊल टाकते, याचा हिशोब एकदा कागदावर करून पाहण्यासारखा आहे. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हरने, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटने, प्रत्येक पावलाचे ८ भाग केले की १,६००. एक मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दातांचं माप), २० दातांचा पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, एका फेऱ्यात रॅकवर, म्हणजे सरळ दातेरी पट्टीवर, ६२.८३ मिलिमीटर जातो. मध्ये तीनास एक रिडक्शन असेल, म्हणजे मोटरच्या तीन फेऱ्यांना पिनियनचा एक, तर मोटरच्या एका फेऱ्याला २०.९४. म्हणजे एका पावलाला ०.०१३ मिलिमीटर. झोताची रुंदीच दीड मिलिमीटरच्या आसपास असताना याहून बारीक काही लागत नाही. पैसे आणि मेहनत यापुढे दुसरीकडे लावावी : प्रवेगाकडे. पातळ पत्र्यावर टॉर्चला मिनिटाला कित्येक मीटर पळायचं असतं, आणि कोपऱ्यावर गॅन्ट्री रेंगाळली की झोत तिथे जास्त धातू खातो. कोपरा गोल होतो, पत्रा तापतो.

(दृश्य : टॉर्च खाली येते, पत्र्याला हलकेच टेकते, वर उचलली जाते, मग आर्क.)

आता खरी गंमत. पत्रा कधीच सपाट नसतो. असला तरी कापताना तापून उचलतो, मध्येच पोक काढतो. मग दीड मिलिमीटर टिकवायचं कसं?

आधी पत्रा शोधायचा. टॉर्च एका छोट्या, वर-खाली हलणाऱ्या पट्टीवर बसवलेली असते. टोक पत्र्याला टेकलं की पट्टी किंचित उचलली जाते आणि मायक्रोस्विच दाबला जातो. यंत्राला शून्य कळलं. तिथून टॉर्च तीन-साडेतीन मिलिमीटर वर जाते, कारण भोक आरपार पडेपर्यंत वितळलेलं लोखंड उलटं वर उडतं आणि जवळ असलेलं नोझल खराब करतं. क्षणभर थांबून, आरपार झालं की टॉर्च दीडवर उतरते आणि निघते.

यापुढचं अंतर विजेकडून कळतं. आर्क लांबला की त्याचा व्होल्टेज वाढतो, आखूड झाला की उतरतो. कापताना तो साधारण १०० ते १५० व्होल्टच्या दरम्यान असतो. उंची सांभाळणारा सर्किट बोर्ड हा व्होल्टेज सतत वाचतो आणि टॉर्च वर-खाली करत राहतो. पत्र्याला न शिवता पत्र्याची उंची कळते. या टेबलातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

पण तो फसतो, आणि कुठे फसतो ते माहीत हवं. कोपऱ्यावर वेग उतरतो, कापाची चर रुंदावते, आर्कला धातूपर्यंत पोचायला ताणावं लागतं. व्होल्टेज चढतो. बोर्डला वाटतं टॉर्च वर गेली, म्हणून तो तिला खाली ढकलतो आणि टोक पत्र्यात घुसतं. त्यामुळे वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की उंचीची दुरुस्ती बंद राहील, अशी सेटिंग करावीच लागते. आधीच्या चरीवरून टॉर्च जाते तेव्हाही हेच. आणि इलेक्ट्रोड झिजत गेला की त्याच व्होल्टेजला टॉर्च हळूहळू खाली बसायला लागते. हाफ्नियमच्या जागी एक-दीड मिलिमीटरचा खड्डा दिसला, की इलेक्ट्रोड बदला.

(दृश्य : कंट्रोल बॉक्स उघडा. जाळीदार आवरणाच्या केबली.)

काही कटर आर्क पेटवायला हाय फ्रिक्वेन्सी वीज वापरतात. ती कंट्रोलरला वेड लावते : मोटरी पावलं चुकवतात, कॉम्प्युटर अडकतो. घरच्या टेबलासाठी टॉर्चच्या आतच इलेक्ट्रोड आणि नोझल एकमेकांपासून सुटून आर्क पेटवणारा कटर घ्यावा. शील्ड असलेल्या केबली, शील्ड एकाच टोकाला अर्थला, आणि कटरचा क्लॅम्प, म्हणजे वीज परत नेणारा चिमटा, थेट पत्र्यावर. लिमिट स्विच, म्हणजे गॅन्ट्री टोकाला पोचली की यंत्र थांबवणारे स्विच, असे घ्या की एरवी त्यांच्यातून वीज वाहत असते आणि दाबल्यावर तुटते. वायर तुटली तर यंत्र लगेच थांबतं.

हवा कोरडी हवी. ४५ अँपियरच्या कटरला मिनिटाला २०० लिटरच्या आसपास हवा लागते आणि कॉम्प्रेसर जितका तापतो तितकं पाणी हवेच्या नळीत येतं. ते पाणी नोझल खातं.

(दृश्य : टाकीत पाणी चढतं, पत्र्याच्या जरा खाली थांबतं.)

पाणी धूळ आणि बराचसा धूर गिळतं. उरलेल्या धुरासाठी पंखा आणि मोकळी हवा हवीच. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या जस्ताच्या धुराने ताप भरतो आणि स्टेनलेसच्या धुरात विषारी क्रोमियम असतं. झोताकडे बघायला गडद काच. अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती गंभीर आहे. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्याशी क्रिया करून हायड्रोजन सोडतं. तो पत्र्याखाली साचला आणि ठिणगी मिळाली, तर स्फोट होतो. साध्या पाण्याच्या टाकीवर अ‍ॅल्युमिनियम कापू नका.

(दृश्य : स्क्रीनवर चौकोन, आत एक गोल. टॉर्च आधी गोल कापते.)

पहिला तुकडा असा असू द्या : १०० मिलिमीटरचा चौकोन, मध्ये गोल भोक. आतलं आधी, बाहेरचं नंतर, नाहीतर सुटलेला तुकडा हलतो. नोझलमध्ये हवा गरगरत येते, त्यामुळे टॉर्च जाते त्या दिशेने पाहिलं तर झोताची उजवी कड सरळ आणि डावी तिरकी निघते. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने, भोक उलट्या दिशेने. दोन्हीकडे सरळ कड आपल्या तुकड्याला मिळते.

तुकडा उलटा करा. खाली जाड, फुगीर मळ लोंबतोय आणि टोचलं की निघतोय, तर वेग कमी पडला. बारीक, कडक दोरा चिकटलाय, तर वेग जास्त झाला.

मग कॅलिपर. चौकोन ९८.५ भरला, तर झोताची रुंदी हिशोबात धरायची राहून गेली आहे. आता ५०० चा कापा. चूक तेवढीच राहिली, तर रुंदीचा आकडा सुधारा. लांबीबरोबर वाढली, तर मोटरच्या पावलांचा हिशोब पुन्हा तपासा. बाजू बरोबर आणि दोन कर्ण वेगळे आले, तर गॅन्ट्रीची एक मोटर सोडवा, गॅन्ट्री काटकोनात आणा आणि आणखी एक चौकोन कापा.