विषारी सापांचा छंद: हात मागे, डोळे पुढे

श्रोतेहो, नमस्कार.

विषारी साप पाळायचे आहेत, सुरुवात कुठून करू, असं विचारणारी मुलं गोव्यात कमी नाहीत. परदेशातले लोक काचेच्या पेट्यांत नाग ठेवतात ते मोबाइलवर दिसतं, आणि आपल्याकडे तर नाग परसातच निघतो. मग वाटतं, एखादा ठेवून बघूया. ही ओढ खोटी नसते. ज्याला साप सुंदर दिसतो त्याला दटावून गप्प बसवू नये, त्याला नीट उत्तर द्यावं. आजचं बोलणं त्याच्यासाठी आहे.

आधी कायदा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चापडा, नागराज, आपल्या रानातला यांपैकी कुठलाही साप परवानगीशिवाय पकडणं, घरी ठेवणं, विकणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. बरणीत घालून शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत बसणं हेसुद्धा त्यातच आलं.

मग बाहेरदेशी साप आणला तर? इथे कायद्याच्याही आधी औषध आडवं येतं. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस, म्हणजे प्रतिविष, चारच सापांच्या विषावर बनतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या चौघांचं विष घोड्याला थोडंथोडं वाढवत टोचतात आणि त्याच्या रक्तात जे प्रतिद्रव्य तयार होतं ते वेगळं काढतात. पाचव्या सापाच्या विषावर त्याचा भरवसा धरता येत नाही. आफ्रिकेतला व्हायपर चावला तर इथल्या डॉक्टरांच्या हाती नेमकं औषधच नसतं. चोर्ल्याच्या रानातला मलबारी चापडा, पालापाचोळ्यात बसणारा वर वळलेल्या नाकाचा छोटा चापडा आणि रापणीच्या जाळ्यात येणारा समुद्रसाप, हे तर आपल्याच घरचे. त्यांच्यावरही हे प्रतिविष उपयोगी पडत नाही.

ज्यांना परवानगी असते त्यांना साप ठेवायला काय काय लागतं, तेही ऐका. खोली अशी हवी की दाराखालच्या फटीतून पेन्सिलसुद्धा जाऊ नये, कारण घोणशीचं पिल्लू तेवढ्याच जाडीचं असतं. मोरीचं तोंड बारीक जाळीनं बंद. दाराला काच, म्हणजे आत पाऊल टाकण्याआधी जमीन दिसते. प्रत्येक पेटीला कुलूप आणि वर सापाचं नाव. पेटीच्या आत लपायला एक छोटा डबा, त्याला बाहेरून ओढता येणारं झाकण. साप डब्यात गेला, झाकण लागलं, मगच मोठी पेटी उघडून पाणी बदलायचं. एकट्यानं काम करायचं नाही, दुसरा माणूस खोलीत हवाच. एवढं करूनही अपघात होतात, आणि ते बहुतेक वेळा नवशिक्याला होत नाहीत. पाच-दहा वर्षं ज्याला काही झालं नाही, त्याचा हात सैल पडतो तेव्हा होतात. तामिळनाडूत १९७८ साली स्थापन झालेली इरुळा आदिवासींची सहकारी संस्था प्रतिविषासाठी साप पकडते. पिढ्यान्पिढ्या साप ओळखणारी ही माणसं, पण तीसुद्धा साप मातीच्या मडक्यात काही आठवडेच ठेवतात, विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि रानात सोडतात.

दात काढलेला साप ठेवतो म्हणणारेही भेटतात. विषदंताच्या मागे हिरडीत पुढचे दात तयारच असतात. एक तुटला की काही दिवसांत दुसरा त्याच्या जागी येतो, आणि मधल्या काळात तोंडात पू होऊन साप उपाशी मरतो. नागपंचमीला दूध पाजतात त्याचीही तीच कथा: गारुड्यानं तहानलेला ठेवलेला साप काहीही पितो, ते दूध श्वासनळीत जातं.

तर मग हा छंद करायचा कसा? माझं मत स्पष्ट आहे: साप बाहेर राहू द्या, ओळख घरात आणा. आणि सुरुवात कातेपासून करा.

चिऱ्यांच्या गडग्यात, सोडणांच्या ढिगाखाली, माडाच्या मुळाशी कात सापडते. तिची लांबी मोजून साप केवढा हे ठरवू नका. काढताना ती ताणली जाते, म्हणून सापापेक्षा बरीच लांब भरते. खवले मात्र जसेच्या तसे उमटतात. पाठीच्या मधल्या रांगेतले खवले बाजूच्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी असतील, आणि शेपटीखालचे खवले अखंड, एकेकच असतील, तर ती मण्यारीची कात. बिनविषारी कवड्याच्या शेपटीखालचे खवले दोन-दोन असतात. नागाच्या खालच्या ओठाच्या कडेला, चौथ्या आणि पाचव्या खवल्याच्या मध्ये, एक अगदी लहान त्रिकोणी खवला असतो. फणा काढलेला नसतानाही नाग ओळखायचा तो यावरून. भिंगातून पाहा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि कात तिथेच राहू द्या.

त्यानंतर जोड्या, म्हणजे एकमेकांसारखे दिसणारे विषारी आणि बिनविषारी साप. गोव्यात साप मरतात ते या जोड्यांच्या गोंधळापायी, आणि माणसंही. कवड्या भिंतीवर चढतो, त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पांढरे बारीक पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीनं, आणि शेपटीकडे अधिक ठळक होतात. मण्यार चकचकीत निळसर काळी, जणू आत्ताच तेल लावलंय. दुसरी जोडी घोणस आणि अजगराचं पिल्लू. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, अजगरावर वेडेवाकडे डाग. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. ते ऐकूनही "अजगरच आहे" म्हणत पुढे जाणाऱ्याचा हात जातो. तिसरी जोडी धामण आणि नाग: धामणीचा डोळा मोठा, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. फुरसं मात्र एकदा पाहिलं की विसरत नाही. हातभरही नाही, डोक्यावर बाणासारखी खूण, आणि वेटोळ्यांत अंग घासून करवतीसारखी खरखर करतं. आपल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर ते दगडाखाली असतं. म्हणून सड्यावर दगड बोटांनी उचलू नये. काठीनं आपल्याकडे कलता करावा, म्हणजे दगड तुमच्या आणि सापाच्या मध्ये राहतो. आणि पाहून झाल्यावर होता तसा परत ठेवावा. उलटा टाकलेला दगड म्हणजे कुणाचं तरी मोडलेलं घर.

आता रात्र. खरा छंद इथे रंगतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानाजवळ, ओढ्याकाठच्या झुडपांत मलबारी चापडा दिसू लागतो. हिरवा, तपकिरी, पिवळा, एकाच जातीचे इतके रंग की नवख्याला चार जाती वाटतात. तो बेडकाची वाट पाहत एकाच फांदीवर कित्येकदा दिवसेंदिवस बसतो. त्याच फांदीवर रोज जाऊन नोंद करणं यासारखं शिक्षण नाही. अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या हवाच. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, डोक्याला एक बॅटरी आणि हातात दुसरी. डोक्यावरची एकटी पुरत नाही. हातातली बाजूनं मारली की खवल्यांची सावली पडते आणि पानातला साप उठून दिसतो. फांदी हातानं बाजूला सारू नका. अंतर किमान दोन मीटर. फोटोसाठी सापाला काठीनं हलवलं तर तो जागा सोडतो आणि त्याची शिकार बुडते. वहीत तारीख, वेळ, पाऊस होता की नाही, साप जमिनीपासून किती उंच, तोंड कुठल्या दिशेला, एवढं लिहा. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे दहा मोबाइल आणि एक चोर पोचतो.

घरात साप शिरला तर छंदी माणसाचं काम पकडण्याचं नाही. त्याचं काम नजर ठेवण्याचं. लोकांना लांब करायचं, दार लावून खाली ओलं गोणपाट कोंबायचं, आणि वनखात्याच्या माणसाला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला बोलावून तो येईपर्यंत साप कुठल्या कोपऱ्यात आहे ते पाहत राहायचं. चांगला सर्पमित्र हाताळतो कमी: पाइपाच्या एका तोंडाला कापडी पिशवी बांधून दुसरं तोंड सापासमोर धरतो, काळोख दिसला की साप आपणहून आत जातो. चिमट्यानं आवळलेल्या सापाच्या बरगड्या मोडतात. पिशवीतली घोणसही कापडातून चावते, तिचे दात सेंटिमीटरपेक्षा लांब असतात; म्हणून पिशवी गाठीच्या वर धरायची, अंगापासून लांब. आणि सोडायचं जवळच. फोंड्यात पकडलेला साप मोलेच्या रानात नेऊन सोडणं ही दया नाही. अनोळखी जागी तो बीळ शोधत भटकतो आणि मरतो.

शेवटी दंश. हे तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. करकचून दोरी बांधू नका, ब्लेड लावू नका, तोंडानं ओढू नका. चावलेला हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या सरकारी इस्पितळात न्या. जिल्हा इस्पितळ, नाहीतर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. साप मारून नेण्यात वेळ घालवू नका, तोडलेलं डोकंही चावतं. उपचार लक्षणांवर होतात. घोणशीच्या किंवा फुरशाच्या संशयात डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय, मग प्रतिविषाच्या आठ-दहा कुप्यांपासून सुरुवात होते. मण्यारीच्या दंशात रक्त नीट गोठतं, जागा दुखतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणतो, मग त्याच्या पापण्या जड होतात. अशा वेळी अॅसिडिटीची गोळी देऊन वाट पाहू नका. डॉक्टरांना एवढंच सांगा: रात्री जमिनीवर झोपला होता, आणि पापण्या अमुक वाजता उतरायला लागल्या.