दिसतं पाण्यासारखं

(पडद्यावर: लाकडी टेबलावर दोन सारख्या बाटल्या. दोन्हींत रंगहीन द्रव. लेबल एकीवरही नाही.)

यातल्या एका बाटलीत पिण्याचं पाणी आहे आणि दुसरीत फॉर्मालिन. नुसतं बघून ओळखा बरं कुठली कुठली. मला नाही ओळखता येणार, आणि मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझा सगळा दिवस याच द्रवाच्या सोबतीत जातो.

पण आमची पहिली गाठ पडली ती लॅबमध्ये नाही, एसटीत.

(एसटीच्या खिडकीतून मागे पळणारी झाडं. मांडीवर कापडी पिशवी.)

आत्याच्या मानेवरची गाठ काढली होती. ऑपरेशन थिएटरच्या दारातून सिस्टरनी एक प्लॅस्टिकची बरणी माझ्या हातात दिली. "ही जिल्ह्याच्या लॅबमध्ये नेऊन दे. उभीच धर, आडवी करू नकोस." झाकणावर चिकटपट्टीचे दोन वेढे आणि बाजूला आत्याचं नाव, वय, तारीख. आत काय आहे ते मला माहीत होतं. कशात ठेवलंय, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

निम्मं अंतर गेलं असेल, डोळे चुरचुरायला लागले. मला वाटलं, रात्रभराचं जागरण आहे, रडू येतंय. शेजारच्या आजींनी नाकाला पदर लावला. "काय गं बाई नेतेयस? डोळ्यांतून पाणी काढलंस की." पिशवीचा तळ ओला झाला होता. मी तो हातानं पुसला आणि त्याच हातानं डोळे चोळले.

पुढची दहा मिनिटं मी अजून विसरलेली नाही. कंडक्टरनं गाडी थांबवायला लावली, स्वतःची पाण्याची बाटली माझ्या ओंजळीत रिकामी केली. "चोळू नकोस पोरी, पाणी मार, मारत राहा." त्या माणसाला फॉर्मालिन हे नावसुद्धा ठाऊक नसेल. पण त्यानं जे केलं, तेच आज मी नव्या मुलांना शिकवते.

(लॅब. काचेच्या बरण्या, पांढरे डबे, स्टीलचं सिंक.)

फॉर्मालिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला वायू. त्या वायूचं नाव फॉर्मल्डिहाइड. बाजारातून येतं ते 37 ते 40 टक्क्यांचं असतं आणि ते टिकावं म्हणून त्यात मिथेनॉलही घातलेलं असतं. लॅबमध्ये आम्ही त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतो, त्यालाच 10 टक्के फॉर्मालिन म्हणतात. म्हणजे खरं फॉर्मल्डिहाइड त्यात जेमतेम 4 टक्के. एवढंसं प्रमाण माणसाच्या शरीराचा तुकडा वर्षानुवर्षं कुजू देत नाही.

ते कसं, हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. फॉर्मल्डिहाइड प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं. पेशीतल्या प्रथिनांमध्ये जणू टाके पडतात, आणि मऊ, लिबलिबीत मांस उकडलेल्या अंड्यासारखं घट्ट होतं. 1893 साली फ्रँकफर्टचे डॉक्टर फर्डिनंड ब्लूम जंतुनाशक म्हणून फॉर्मालिन तपासत होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्याच बोटांची कातडी ताठ होतेय. त्यावरून त्यांना सुचलं की शरीरातून काढलेले नमुने टिकवायला हे उपयोगी पडेल. आज जगभर कर्करोगाचं निदान ज्या काचपट्ट्यांवर होतं, त्यांची सुरुवात त्या ताठलेल्या बोटांपासून झाली. ही गोष्ट मी नव्या मुलांना मुद्दाम सांगते. बरणीतल्या गाठीचं जे होतं, तेच थोड्या प्रमाणात आपल्या कातडीचं, डोळ्यांचं आणि नाकाच्या आतल्या अस्तराचंही होतं. जिवंत आणि मेलेलं, हा भेद त्या द्रवाला कळत नाही.

हा वायू पाण्यात सहज विरघळतो. म्हणून शरीरात जिथे ओलावा पहिल्यांदा भेटतो, तिथेच तो आधी लागतो. डोळे झोंबतात, नाक चुरचुरतं, घसा खवखवतो. दम्याच्या माणसाचा श्वास अडकू शकतो. आणि यातच एक फसवणूक आहे, तिच्यासाठीच आम्ही हा व्हिडिओ केला.

(डिसेक्शन हॉल, म्हणजे मेडिकल कॉलेजात फॉर्मालिनमध्ये राखलेल्या देहांवर विच्छेदन शिकवतात ती खोली. स्टीलची टेबलं, उंच खिडक्या, भिंतीलगत झाकण असलेली टाकी.)

मेडिकलला प्रवेश घेतलेल्या कुठल्याही मुलाला पहिला दिवस विचारा. तो देहाबद्दल नंतर बोलेल, वासाबद्दल आधी. पहिल्या आठवड्यात मुलं डोळे पुसत बाहेर येतात. महिन्याभरात तीच मुलं डबे उघडून गप्पा मारत टेबलाशी उभी असतात. विचारलं तर म्हणतात, "सवय झाली."

सवय नाकाला होते. तोच वास सतत येत राहिला की नाक तो सांगायचं सोडून देतं. हवेतलं फॉर्मल्डिहाइड मात्र तेवढंच असतं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत आठ तासांच्या सरासरीला हवेच्या दहा लाख भागांत 0.75 भाग अशी मर्यादा आहे, आणि पंधरा मिनिटांपुरती 2 भाग. गंमत नव्हे, गंभीर गोष्ट ही की अनेकांना वास नीट कळायला लागतो तोच या मर्यादेच्या आसपास. म्हणजे वास आला तेव्हाच उशीर झालेला असू शकतो. आणि वास येईनासा झाला, तर त्यावरून काहीच कळत नाही.

कातडीचं तर नाकाच्या उलट. तिला सवय होत नाही, तिला राग येतो. वर्षानुवर्षं हात लागत राहिला की काही जणांना त्याची ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की थेंबभरानंही हात लाल होतात, खाजतात, भेगा पडतात. अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना काम बदलावं लागलं.

आणि कर्करोग. हा शब्द मी घाबरवायला वापरत नाही, पण टाळणारही नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, नाकामागच्या घशाच्या कर्करोगामुळे. पुढे रक्ताच्या कर्करोगाचाही त्यात समावेश झाला. एकदा वास घेतला म्हणून कुणी हादरून जाऊ नये. प्रश्न रोजचा आहे, वीस-पंचवीस वर्षांचा आहे.

मग रोज, वीस-पंचवीस वर्षं, त्या हॉलमध्ये कोण असतं? विद्यार्थी वर्षभरात पुढे जातात. राहतात ते मामा.

(टाकीचं झाकण उचलणारे दोन हात. चेहरा दिसत नाही.)

प्रत्येक कॉलेजात असे एक मामा असतात. टाकीतून देह काढायचा, टेबलावर ठेवायचा, संध्याकाळी पुन्हा आत ठेवायचा, फरशी धुवायची. देहदान केलेल्या माणसाला ते किती जपून उचलतात, ते बघावं. मी ज्यांना ओळखते त्या मामांच्या बोटांची टोकं पिवळट, कडक झालेली आहेत. गॉगल त्यांना कुणी दिला नव्हता. मागितला का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मला कुठं काय होतंय? सवय आहे." मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो गॉगल फक्त विद्यार्थ्यांच्या यादीत लिहिणाऱ्यांचा.

फरशीवरून आठवलं, हे नीट ऐका. आपल्याकडे फरशी चकचकीत करायला ॲसिड ओततात. दुकानात मिळणारं संडास धुवायचं ॲसिड म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिडच. फॉर्मालिन जिथे सांडतं, तिथे ते वापरायचंच नाही. या दोघांपासून बिस-क्लोरोमिथिल ईथर नावाचं संयुग तयार होऊ शकतं, आणि ते फुप्फुसाच्या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे. तसंच पोटॅशियम परमँगनेट. खोली निर्जंतुक करायला फॉर्मालिनमध्ये ते टाकायची जुनी पद्धत आहे. मिश्रण जोरात उसळतं, तापतं आणि वायूचा लोट सोडतं. वाटीशी वाकून उभं राहिलेल्या माणसाला मागे व्हायलाही वेळ मिळत नाही.

(ग्रॉसिंगचं टेबल. नमुना कापणारे हातमोजे घातलेले हात.)

आता आमचं टेबल. इथे नमुना कापून त्याचे छोटे तुकडे कॅसेटमध्ये, म्हणजे भोकं असलेल्या छोट्या डबीत भरतात. टेबलाच्या पृष्ठभागावर बारीक भोकं आहेत आणि हवा खाली ओढली जाते. हे मुद्दाम. छताजवळचा, हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा हवा वर ओढतो, म्हणजे बरणीतून निघालेली वाफ तुमच्या नाकावरून वर जाते. काम करणाऱ्याचं तोंड तिच्या वाटेत येता कामा नये, एवढंच बघायचं असतं. असं टेबल नसेल तर फ्यूम हूड, म्हणजे वाफ ओढून घेणारं कपाट, तोही नसेल तर खिडक्या उघड्या आणि बरण्यांची झाकणं बंद. झाकण लावणं फुकट आहे, तरी तेच सगळ्यात जास्त विसरलं जातं.

हातमोजे नायट्राइल या कृत्रिम रबराचे, आणि शिंतोडे उडाले की बदलायचे. गॉगल असा की कडेनंही थेंब आत जाणार नाही. आणि मास्क? कोविडनंतर प्रत्येकाच्या खिशात मास्क असतो, त्यामुळे हा गैरसमज पक्का झालाय. साधा मास्क किंवा एन-95 कण अडवतो, वायू अडवत नाही. फॉर्मल्डिहाइड गाळणारी वेगळी डबी (कार्ट्रिज) असलेला श्वसनमुखवटा लागतो. साधा मास्क लावून सांडलेलं फॉर्मालिन पुसायला जाऊ नका. जास्त सांडलं असेल तर आधी माणसं बाहेर काढा.

थंडीत बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसलेला दिसतो. तो गरम करून विरघळवायला कुणी बर्नर पेटवू नये. आत मिथेनॉल आहे, पेट घेईल.

(मासळी बाजार. बर्फावर सुरमई, बांगडे.)

2018 च्या जुलैत गोव्यात मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीवरून फॉर्मालिनचा गदारोळ झाला आणि हा शब्द घराघरात पोचला. बाहेरच्या राज्यांतून येणारी मासळी काही दिवस बंद झाली. तेव्हा ओळखीच्या बायका मला फोन करून विचारायच्या, मासे घ्यावेत की नाही. मी म्हणायचे, ते अन्न तपासणाऱ्यांना विचारा. मला विचारायचं तर घरातल्या बाटल्यांचं विचारा. शाळेच्या प्रयोगशाळेतून उरलेलं फॉर्मालिन कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून कपाटात ठेवलेलं मी पाहिलंय. सुरुवातीच्या त्या दोन बाटल्या आठवा. तीव्र फॉर्मालिनचे 30 मिलिलिटर पोटात गेल्यानं माणसं दगावल्याची नोंद आहे. खाण्यापिण्याच्या बाटलीत ते कधीही, एका दिवसासाठीही नाही.

चुकून कुणी प्यालंच, तर उलटी करवू नका, बाटलीसकट दवाखाना गाठा. वास चढला तर मोकळ्या हवेत न्या. कातडीवर सांडलं तर कपडे उतरवून भरपूर पाणी. आणि डोळ्यात गेलं तर कॉन्टॅक्ट लेन्स काढायची, पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या, वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं. घड्याळ लावून बघा, पंधरा मिनिटं फार लांब असतात. मुलं दोन मिनिटांत "बरं वाटतंय" म्हणतात. सोडायचं नाही. मग डोळ्यांचा डॉक्टर.

(लॅबचं काउंटर. संध्याकाळ.)

आमच्या लॅबमधून आता नमुन्यांसाठीच्या बरण्या दवाखान्यांकडे जातात तेव्हा त्यांवर मराठीत लेबल असतं. "आत फॉर्मालिन आहे. विषारी. डोळ्यांना, हातांना लागू देऊ नका. गळलं तर पाण्यानं धुवा." सोबत बरणी ठेवायला चेन लावायची पिशवी. तरीही परवा एक मुलगा आला. वडिलांचा नमुना घेऊन तीन तास प्रवास करून आलेला, पिशवी छातीशी धरलेली. मी पावती करायच्या आधी विचारलं, "वाटेत गळली का रे?"

"थोडीशी. काही नाही, पुसली मी."

"कशानं?"

त्यानं उजवा हात पुढे केला. मी त्याला काउंटरच्या आत घेतलं आणि बेसिनचा नळ सोडला.