पुलसी नव्हे, पळशी

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या इंदूरच्या पलसीकर कॉलनीवरून आपण कितीदा तरी गेला असाल. पाटीवर 'पलसीकर' असलं तरी मूळ आडनाव पळशीकर. होळकरांची दिवाणगिरी केलेलं हे घराणं. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यातल्या पळशी गावी त्यांचा वाडा आणि विठ्ठलाचं दगडी देऊळ आजही उभं आहे. हिंदीत ळ नसल्यामुळे जसे होळकरांचे होलकर झाले, तसेच पळशीकरांचे पलसीकर झाले. दिवाणांचं नाव मोठं, म्हणून त्यांचं गाव कुणी विसरलं नाही. पण त्यांच्या मागोमाग जे शिलेदार, कारकून, पुजारी, आचारी, शिंपी इकडे आले, त्यांची गावं कुठे गेली? मला आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

1818 मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. त्याआधीही आणि नंतर कित्येक वर्षं मराठी माणसं नर्मदा ओलांडून इकडे येत राहिली. आज त्यांच्या घरी विचारलं तर "आम्ही साताऱ्याकडचे" किंवा "खानदेशातले", एवढंच उत्तर मिळतं. फार तर एखादा जुना कागद निघतो आणि त्यावरचं गाव कुठल्याच नकाशात सापडत नाही. मग घरचे म्हणतात, नाव चुकलंय, सोडून द्या. माझं आग्रहाचं म्हणणं आहे की सोडू नका. ते नाव कुणीतरी कानाने ऐकून, आपल्या लिपीत, आपल्या सवयीने लिहिलेलं असतं. लिहिणारा कोण होता ते ओळखलं, की उलट्या पावलांनी गावापर्यंत जाता येतं.

रामबागेतल्या एका परिचित कुटुंबाकडे त्यांच्या खापरपणजोबांचा संस्थानी नोकरीचा इंग्रजी कागद आहे. घड्यांवर विरलेला, पण शाई स्वच्छ. जन्मगावाच्या रकान्यात अक्षरं आहेत पी, यू, एल, एस, ई, ई. जिल्हा सातारा, तोही दोन टी घालून. घरात पिढ्यान्‌पिढ्या 'पुलसी' असंच म्हणत आले. मुलांनी मोबाईलवर पुलसी, पुळशी, फुलशी, सगळं शोधून पाहिलं. काही हाती लागलं नाही.

आता हे स्पेलिंग जुन्या कारकुनाच्या नजरेने वाचू या. त्या काळी अ या स्वरासाठी यू लिहीत. पंजाबचं इंग्रजी स्पेलिंग आठवा, तो यू अजून तसाच आहे. पूना लिहिताना डबल ओ म्हणजे ऊ, तसाच डबल ई म्हणजे ई. 1870 च्या दशकात देशी नावं इंग्रजीत लिहिण्याची हंटरसाहेबांची पद्धत सरकारी कागदांत रुळू लागली आणि अ साठी ए आला. जुन्या वळणाचे कारकून पुढेही आपल्याच सवयीने लिहीत राहिले हे खरं, तरी स्पेलिंगवरून कागदाच्या वयाचा थोडा अंदाज येतो. तर पुलसी झाली पलसी. इंग्रजीत ळ नाही, तेव्हा एल च्या जागी ळ ठेवून बघायचा. एस कधी स असतो, कधी श. नाव समोर येतं ते पळशी.

पण काम इथे संपत नाही. कोरेगाव तालुक्यात पळशी आहे, माण तालुक्यात पळशी आहे, आणि खानापूर तालुक्यातही आहे. खानापूर तर सांगली जिल्ह्यात, असं आपण म्हणाल. आज आहे. पण 1949 मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, दक्षिण सातारा वेगळा निघाला, आणि त्यालाच 1960 मध्ये सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे जुन्या कागदावरच्या 'जिल्हा सातारा'मध्ये या तिन्ही पळशी बसतात. खानदेशचंही असंच, 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जुन्या कागदावरचा जिल्हा आजच्या नकाशावर शोधायला गेलं की हमखास फसगत होते.

या कुटुंबाला वाट सापडली ती नाशिकला. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेकरूंच्या पुरोहितांकडे, यजमानांच्या वह्या असतात. आडनाव आणि गाव सांगितलं की ते आपल्या घराण्याची नोंद काढून दाखवतात, कधीकधी पूर्वजाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली. या कुटुंबाची नोंद जुन्या मोडी लिपीत होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द एकमेकांना चिकटून येतात, म्हणून जाणकाराकडून वाचून घेतली. "मूळ राहणार मौजे पळशी, हल्ली मुक्काम इंदूर." खाली सोबत आलेल्या मेव्हण्याचं नाव, राहणार विटे. विटे म्हणजे खानापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण. सोयरीक तेव्हा बहुधा पंचक्रोशीतच व्हायची, तेव्हा पारडं तिकडे झुकलं.

नुसत्या झुकण्यावर मात्र विसंबू नये. खापरपणजोबा गाव सोडून आले, पण त्यांचे भाऊ तिथेच राहिले असणार. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ती जन्ममृत्यूची जुनी नोंदवही मिळते. तिथे खापरपणजोबांच्याच आडनावाच्या, त्यांच्याच वडिलांच्या दुसऱ्या मुलाच्या घरचा एक जन्म नोंदलेला निघाला. आपल्या माणसाची नोंद नसेल तर मागे राहिलेल्यांची शोधावी. मला हा मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो.

आणखी थोडं. कागदावरचं मौजे, कसबे, तर्फ, परगणे यातलं काहीही गाळू नका. गावापुढे बु. किंवा खु. असेल तर ते बुद्रुक आणि खुर्द, शेजारशेजारची दोन वेगळी गावं. आडनावातल्या 'कर'वर आंधळा विश्वास नको. गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव लावायची गरज पडत नाही, ते बाहेर पडल्यावर चिकटतं, आणि कुटुंब दोनदा हललं असेल तर ते मधल्या मुक्कामाचंही असू शकतं. कुलदैवतावरून मुलूख समजेल, गाव नाही. आणि काही गावं आता जुन्या जागी नाहीतच. उजनीच्या पाण्यात जुनं पळसदेव गेलं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथलं देऊळ वर दिसतं. गाव दुसरीकडे वसलं. अशा वेळी धरणाआधीचे नकाशे काढावे लागतात.

आपल्या घरी ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजी असतील तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसा. गावची जत्रा कोणत्या महिन्यात, नदी कोणती, बाजार कुठला, आत्यांना कुठे दिलं, एवढं विचारा. त्या गावाचं नाव जसं उच्चारतील तसं, ळ आणि ण सकट, लगेच लिहून घ्या. कागदावरच्या स्पेलिंगशी जुळत नसलं तरी त्यांना दुरुस्त करू नका. दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहून ठेवा आणि तीच वही घेऊन नाशिकला जा.

नमस्कार.